सीएफए रिसर्च चॅलेंज: ज्युनिअर्स दरवर्षी तेच विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय

मी काही वर्षांपूर्वी पुण्यातून एमबीए करताना ह्या स्पर्धेत होतो, त्यानंतर दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतात, बऱ्याचदा रात्री साडेअकराला. म्हणून हे. क्रम काही खास नाहीये, जसे आठवले तसे लिहिलेत.

हे रिसर्च चॅलेंज म्हणजे नक्की काय असतं?

एक लिस्टेड कंपनी देतात, तिचा अभ्यास करून एखाद्या ब्रोकरेजचा अॅनालिस्ट लिहितो तसा इक्विटी रिसर्च रिपोर्ट लिहायचा, शेअर घ्या, ठेवा की विका ते सांगायचं, टार्गेट प्राइस द्यायची आणि मग मार्केटमधल्या खऱ्या लोकांसमोर उभं राहून ते डिफेंड करायचं. बास. पूर्ण नाव सीएफए इन्स्टिट्यूट रिसर्च चॅलेंज; सीएफए म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट, त्याच्या परीक्षा घेणारी ही संस्था. सुरुवात २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या सिक्युरिटी अॅनालिस्ट सोसायटीने केली, नंतर सीएफए इन्स्टिट्यूटने ती जगभर नेली. आपल्याकडे सीएफए सोसायटी इंडिया घेते. आधी स्थानिक फेरी, तिथून पुढे आशिया-पॅसिफिक आणि मग जागतिक फायनल.

बऱ्याच जणांना वाटतं हा ट्रेडिंगचा गेम आहे, खोटे दहा लाख देतात आणि कोण जास्त कमावतो ते बघतात. नाही हो. ते व्हर्च्युअल ट्रेडिंगवाले कॉन्टेस्ट वेगळे, त्यात नशीब चांगलं असलं की चालतं.

मी सीएफए करत नाहीये, तरी चालेल?

चालेल. नावात सीएफए आहे म्हणून घाबरू नका, लेव्हल वन (सीएफएची पहिली परीक्षा) दिलेली असायची गरज नाही. तुम्ही युनिव्हर्सिटीत शिकत असायला हवं, ग्रॅज्युएशन असो की पीजी. बीकॉमची मुलंही एमबीएवाल्यांसमोर उतरतात.

एकट्याने भाग घेता येतो का?

नाही, तीन ते पाच जणांची टीम लागते आणि कॉलेजमधून एक फॅकल्टी अॅडव्हायजर लागतो. कॉलेजतर्फेच नाव जातं त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आधी कॉलेजातच निवड होते. तुमच्या कॉलेजला ह्या स्पर्धेबद्दल काहीच माहिती नसेल तर फायनान्सच्या सरांना किंवा मॅडमना जाऊन भेटा, जुलैतच भेटा, सप्टेंबरात नको.

टीममध्ये कोणाला घ्यायचं?

इथे सगळ्यात जास्त गडबड होते, कारण टीम मैत्रीवर बनते. पाचही जण एक्सेलवाले घेतले तर रिपोर्ट लिहायला कोणी नसतं, पाचही जण बोलके घेतले तर मॉडेल रात्री तीन वाजता कोणीतरी रडत रडत बनवतो. मॉडेल बांधणारा एक, खरंच लिहिता येणारा एक (हा माणूस सगळ्यात दुर्मिळ), सेक्टर खोदून काढणारा एक, आणि एक असा हवाच जो प्रत्येक गोष्टीला "पण का?" विचारून सगळ्यांचं डोकं खाईल. आमच्या टीममध्ये ही शेवटची जागा सांगलीच्या एका मुलीकडे होती. पहिले पंधरा दिवस आम्ही तिला वैतागलो होतो, फायनलच्या दिवशी तिच्यामुळेच वाचलो.

कंपनी आपण निवडायची का?

नाही, आयोजक देतात आणि तुमच्या फेरीत सगळ्यांना एकच कंपनी. म्हणजे आवडीची कंपनी घेऊन शाइन मारायचा चान्स नाही. आमच्या वाट्याला पाइप बनवणारी कंपनी आली. पाइप! आम्हाला वाटलं होतं काहीतरी फिनटेक येईल, क्विक कॉमर्स येईल, आणि आले पीव्हीसी पाइप. पहिल्या दिवशी सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होती. पण आता विचाराल तर सांगेन, कंटाळवाणी कंपनी मिळाली तर देवाचे आभार माना, कारण ती समजून घेता येते. तोट्यातली नव्या जमान्याची कंपनी आली असती तर आम्ही व्हॅल्युएशनमध्ये (शेअरची खरी किंमत काढण्यात) नुसते अंदाजपंचे दाहोदरसे केले असते.

माझे काका त्या कंपनीत आहेत, त्यांना विचारलं तर?

अजिबात नाही. ह्या स्पर्धेत कंपनीशी बोलायची एक ठरलेली संधी असते, मॅनेजमेंट सगळ्या टीम्सना एकत्र भेटतं, तेव्हा काय विचारायचं ते विचारा. त्याच्या बाहेर कंपनीच्या माणसाला फोन, लिंक्डइनवर मेसेज, "सर एक छोटीशी शंका होती", काहीही नको. रिपोर्ट फक्त सार्वजनिक माहितीवर उभा राहिला पाहिजे.

आणि हे फक्त स्पर्धेचं नाही, काकांनी जेवता जेवता सहज सांगितलं की पुढच्या महिन्यात मोठी ऑर्डर येतेय, तर ती न जाहीर झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती झाली आणि बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचे २०१५ चे इनसायडर ट्रेडिंगचे नियम तिथे लागू होतात. काकांची नोकरी जाईल ते वेगळंच.

तोपर्यंत त्या कंपनीचे थोडे शेअर घेऊन ठेवू का?

नको. ज्यावर रिपोर्ट लिहिताय त्यात स्वतःचे पैसे अडकवायचे नाहीत. दहा शेअर घेतलेत तरी तुमचं "सेल" म्हणायचं धाडस गेलं समजा, मी लोकांना बघितलंय.

रिपोर्ट किती पानांचा आणि त्यात काय काय?

मुख्य रिपोर्ट दहा पानं, वर अपेंडिक्स वीस पानांपर्यंत. दहा पानं वाचताना खूप वाटतात, लिहायला बसलं की पुरत नाहीत. दरवर्षीची नियमपुस्तिका डाउनलोड करून प्रत्येकाने स्वतः वाचा, टीममधल्या एकाने वाचून बाकीच्यांना सांगितलं असं करू नका, फॉन्ट साइजसारख्या फालतू गोष्टीवरून मार्क जाणं फार जिवाला लागतं.

मार्कांचं वजन मात्र नीट बघा. आमच्या वेळी व्हॅल्युएशन आणि फायनान्शियल अॅनालिसिसला प्रत्येकी २० टक्के, इन्व्हेस्टमेंट समरी, रिस्क आणि ईएसजीला (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) प्रत्येकी १५, इंडस्ट्री आणि स्पर्धकांना १०, आणि बिझनेस डिस्क्रिप्शनला फक्त ५. आता गंमत बघा, नव्या टीम्स सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त काय लिहितात तर बिझनेस डिस्क्रिप्शन! कंपनी कधी स्थापन झाली, संस्थापक कोण, कुठे कुठे प्लांट, किती अवॉर्ड. दोन पानं त्यातच जातात. पाच टक्क्यांसाठी दोन पानं. कंपनीच्या वेबसाइटवर आहे ते सगळं, जजला ते तुमच्याकडून ऐकायचं नाहीये.

डेटा कुठून काढायचा? आमच्याकडे ब्लूमबर्ग (पैसे भरून घ्यायची डेटा सेवा) नाही.

आमच्याकडेही नव्हतं. काही अडत नाही. बीएसई आणि एनएसईच्या साइटवर प्रत्येक लिस्टेड कंपनीला सगळं टाकावंच लागतं: तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत, वार्षिक निकाल ६० दिवसांत, शेअरहोल्डिंग पॅटर्न (कोणाकडे किती शेअर) २१ दिवसांत. स्क्रीनर नावाच्या साइटवरून दहा वर्षांचे आकडे एक्सेलमध्ये उतरतात, पण त्यावर आंधळा भरवसा ठेवू नका, महत्त्वाचे आकडे अॅन्युअल रिपोर्टशी ताडून बघा.

मग कॉन्कॉलचे (निकालानंतर मॅनेजमेंट अॅनालिस्ट लोकांशी फोनवर बोलतं त्याचे) ट्रान्स्क्रिप्ट. हे सोनं आहे. निदान आठ-बारा तिमाह्यांचे बसून वाचा, जुने आधी. मॅनेजमेंटने दोन वर्षांपूर्वी काय बोललं होतं आणि खरंच काय झालं ह्याचा एक तक्ता करा, मॅनेजमेंट किती विश्वासाचं आहे ह्यावर दुसरा कुठलाही परिच्छेद लिहायची गरज पडत नाही. अॅनालिस्ट लोक कुठला प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतायत आणि मॅनेजमेंट कुठला प्रश्न पुन्हा पुन्हा टाळतंय, तिथे मार्कर मारा.

क्रेडिट रेटिंगवाल्यांचे रॅशनल (अमुक रेटिंग का दिलं त्याची टिपणं) लोक विसरतात. क्रिसिल, इक्रा, केअर ह्यांच्या साइटवर फुकट मिळतात. इक्विटीवाले स्वप्नं बघत असतात तेव्हा हे लोक पैसे परत येतील का एवढंच बघत असतात, त्यामुळे भाषा कोरडी आणि कामाची असते. आणि सेक्टरमधली एखादी कंपनी नुकतीच आयपीओ घेऊन आली असेल तर तिचं डीआरएचपी (आयपीओआधी सेबीकडे दिलेलं माहितीपत्रक) उघडा, त्यात अख्ख्या इंडस्ट्रीचा रिपोर्ट छापलेला असतो.

थीसिस थीसिस म्हणतात ते काय? पीएचडी आहे का?

ह्यावर जरा बसून बोलतो कारण सगळा खेळ इथेच आहे आणि बहुतेक टीम्स इथेच मार खातात.

थीसिस म्हणजे बाजार ह्या शेअरबद्दल काय समजून बसलाय, तुम्हाला काय वेगळं दिसतंय, आणि ते वेगळेपण बाजाराला कधी आणि कशाने कळेल. आमचा पहिला थीसिस काय होता सांगतो, हसू नका: भारतात शहरं वाढतायत, घरं बांधली जातायत, २०१९ मध्ये जल जीवन मिशन जाहीर झालं, म्हणून पाइप लागणार, म्हणून बाय. आमच्या मेंटॉरनी (इंडस्ट्रीतले मार्गदर्शक) ऐकलं, चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "हे बाजाराला माहीत नाहीये का?" संपलं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट भावात आधीच असते, तुम्ही ती दहा पानांत पुन्हा सांगून काय होणार.

मग त्या सांगलीवालीने डोकं चालवलं. तिच्या मामाचं तिकडे पाइप-फिटिंगचं दुकान आहे, आमच्या कंपनीशी थेट संबंध नाही, सगळ्या ब्रँडचा माल ठेवतात. आम्ही आधी आयोजकांना मेल करून विचारलं की असं दुकानदाराशी सर्वसाधारण धंद्याबद्दल बोललं तर चालेल ना, आणि मग एका शनिवारी एसटीने गेलो. मामा म्हणाले, "भाव पडणार असं वाटलं की मी माल उचलतच नाही, दुकानातला संपवतो. भाव चढायला लागला की गोडाऊन भरतो. शेतकऱ्याला पाइप तेवढाच लागतो, कमी-जास्त होतं ते माझ्या गोडाऊनमध्ये."

ह्या एका वाक्याने आम्हाला तीन आठवडे न सुटलेलं कोडं सुटलं. कंपनीचं व्हॉल्यूम एका तिमाहीत पंचवीस टक्के वर, पुढच्या तिमाहीत खाली, असं का होतं ते ट्रान्स्क्रिप्टमध्ये "डीस्टॉकिंग" ह्या एका शब्दात होतं पण आम्हाला डोळ्यासमोर दिसत नव्हतं. पीव्हीसी रेझिन, म्हणजे पाइपचा कच्चा माल, आपल्याकडे निम्म्याहून जास्त आयात होतं, त्याचा भाव जगात ठरतो, भाव घसरला की डीलर थांबतो आणि कंपनीच्या गोदामात महाग घेतलेला माल पडून राहतो, त्याचा इन्व्हेंटरी लॉस. २०२२ मध्ये रेझिनचे भाव कोसळले तेव्हा पाइपवाल्यांचे मार्जिन कसे झोपले ते चार्ट काढून बघा.

मग थीसिस असा झाला: बाजार एका वाईट तिमाहीवरून मागणी गेली असं समजतोय, पण गेलाय तो डीलरचा साठा, मागणी नाही, आणि त्याच वेळी कंपनीचा शेतीच्या पाइपातला वाटा कमी होऊन घरातल्या प्लंबिंगच्या पाइपाचा वाटा वाढतोय, ज्यात मार्जिन जास्त. हा कुठल्याही रिपोर्टमधून उचललेला नव्हता. मामांचं नाव अर्थातच रिपोर्टमध्ये नव्हतं पण त्यांचं गोडाऊन मात्र दहा पानांत सगळीकडे होतं.

तुमची कंपनी बँक असेल तर मामाच्या जागी दुसरं कोणीतरी असेल, पण आकड्यामागे हलणारा माणूस शोधाच. तो पैसे का काढतो, माल का उचलतो, ब्रँड का बदलतो. तो सापडला की मॉडेल एका आठवड्यात होतं, नाही सापडला की चार महिने मॉडेलच चालू राहतं.

मॉडेल किती मोठं करायचं?

तुम्हाला समजेल एवढं. चाळीस शीटचं मॉडेल केलंय म्हणून मिरवणारे मी बघितलेत, जजनी "रेव्हेन्यू ग्रोथ १४ टक्के कुठून आली?" विचारलं की चाळीस शीट एकमेकांकडे बघतात. रेव्हेन्यूला सरळ टक्का लावू नका, फोडा. आमच्याकडे टन गुणिले टनाला मिळणारा भाव, आणि खाली टनाला किती एबिटा (व्याज, कर आणि डेप्रिसिएशनच्या आधीचा नफा) सुटतो ते. हॉटेल असेल तर खोल्या, भरण्याचं प्रमाण, खोलीचा भाडेदर. रिटेल असेल तर दुकानं आणि स्क्वेअर फुटाला विक्री.

सीझन पण बघा. पाइपच्या धंद्यात उन्हाळ्यात पेरणीआधी शेतीची मागणी, पावसाळ्यात सगळं थंड. जुलै-सप्टेंबरची तुलना एप्रिल-जूनशी करून "विक्री घसरली" लिहिलंत तर जजच्या चेहऱ्यावर जे स्मित येतं ते फार दिवस लक्षात राहतं.

एक्सेलमध्ये सगळ्यात कॉमन चूक कुठली?

आमचीच सांगतो. आपल्याकडच्या पुष्कळ कंपन्या जास्तीची रोकड लिक्विड म्युच्युअल फंडात ठेवतात, बॅलन्स शीटमध्ये ती "करंट इन्व्हेस्टमेंट" म्हणून दिसते, कॅश म्हणून नाही. आम्हाला हे कळलं आणि आम्ही हुशारीने ती रक्कम शेवटी इक्विटी व्हॅल्यूत मिळवली. पण त्या फंडाचं उत्पन्न अदर इन्कममध्ये (मूळ धंद्याबाहेरच्या उत्पन्नात) येतं, आणि आमच्या ऑपरेटिंग नफ्यात अदर इन्कम आधीच घुसलेलं होतं. म्हणजे झाड पण मोजलं आणि आंबे पण मोजले. टार्गेट प्राइस फुगलेली, चार जणांनी चारदा चेक केलं होतं आणि कोणालाच दिसलं नाही. कोणी पकडलं ते खाली येईल.

दुसरं म्हणजे २०१९ पासूनचं लीज अकाउंटिंग, म्हणजे भाड्याच्या नोंदीचा नियम, इंड एएस ११६. भाडं खर्चातून उठून डेप्रिसिएशन आणि व्याजात गेलं, त्यामुळे दुकानं भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांचा एबिटा एका वर्षात अचानक सुंदर दिसायला लागला. धंदा तोच, दुकानं तीच. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची मार्जिन शेजारी ठेवून "कार्यक्षमता सुधारली" लिहू नका.

डीसीएफ करू की पीई मल्टिपल?

डीसीएफ म्हणजे पुढच्या वर्षांच्या रोकडीची आजची किंमत, पीई म्हणजे शेअरचा भाव भागिले शेअरमागचा नफा. दोन्ही करा आणि दोन्हींची उत्तरं वेगळी का येतायत ते सांगा. सरासरी काढून मोकळं होऊ नका.

डीसीएफमध्ये खरी गंमत टर्मिनल व्हॅल्यूत (अंदाजाच्या शेवटच्या वर्षानंतरच्या सगळ्या रोकडीच्या किमतीत) असते. साधं गणित: शेवटच्या वर्षाचा फ्री कॅश फ्लो १०० कोटी, डिस्काउंट रेट (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) १२ टक्के, कायमची वाढ ५ टक्के धरली तर १०५ भागिले ०.०७, म्हणजे १५०० कोटी. आता डिस्काउंट रेट ११ आणि वाढ ६ करा, दोन्हीत फक्त एक-एक टक्क्याचा फरक. १०६ भागिले ०.०५, झाले २१२० कोटी. चाळीस टक्क्यांहून जास्त उडी आणि कंपनीत काडीचा बदल नाही. त्यामुळे सेन्सिटिव्हिटी टेबल (हे दर बदलले की किंमत किती बदलते त्याचा तक्ता) म्हणजे सजावट नव्हे, ते छापलंय तर त्यातल्या कोपऱ्यातल्या आकड्यावर पण बोलता आलं पाहिजे.

डिस्काउंट रेट किती धरायचा?

काढायचा, धरायचा नाही. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर घ्या, बीटा (बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो) गुणिले रिस्क प्रीमियम (शेअरची जोखीम घेण्याबद्दलचा जादा परतावा) मिळवा. दर ७, बीटा १.१, प्रीमियम ६ असेल तर इक्विटीची कॉस्ट १३.६. कॅश फ्लो रुपयात आणि रोख्याचा दर अमेरिकेचा अशी खिचडी दरवर्षी कोणीतरी करतंच. देशाचा रिस्क प्रीमियम हवा असेल तर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर अश्वथ दामोदरन आपल्या साइटवर फुकट टाकतात, जग वापरतं, तुम्ही पण वापरा, फक्त कुठल्या महिन्याचा आकडा घेतला ते लिहा.

ईएसजीला १५ टक्के? झाडं लावली लिहिलं की झालं ना?

नाही झालं. आपल्याकडे ईएसजीतला जी, म्हणजे गव्हर्नन्स, कंपनीचा कारभार, सगळ्यात महत्त्वाचा. प्रमोटरचे किती शेअर गहाण आहेत, प्रमोटरच्या दुसऱ्या कंपनीशी व्यवहार किती, ऑडिटर मध्येच का सोडून गेला, स्वतंत्र संचालक खरंच किती स्वतंत्र. ७ जानेवारी २००९ ला सत्यम ह्या आयटी कंपनीच्या चेअरमननी स्वतः पत्र लिहून खाती फुगवल्याचं कबूल केलं, आणि तोवर त्या कंपनीला गव्हर्नन्ससाठी पुरस्कार मिळालेले होते. तेव्हा पुरस्कारांची यादी देऊ नका. पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर (ईएसजीचा अहवाल) द्यावा लागतो, त्यात पाणी, वीज, कचरा, कामगारांचे अपघात सगळं असतं. तिथून दोन आकडे उचला आणि त्यांचा पैशाशी संबंध लावा.

रिस्कमध्ये काय लिहू? "मंदी येऊ शकते"?

ते कुठल्याही कंपनीला लागू होतं, मग लिहून काय फायदा. रिस्क अशी लिहा की ती खरी ठरली तर टार्गेट किती रुपयांनी खाली येईल ते सांगता येईल.

सेल दिला तर कंपनीवाले चिडतील का? मार्क जातील का?

चिडत नाहीत, आणि मार्क तर्काला असतात. उलट सगळे बाय देत असताना नीट बांधलेला सेल जजना जागं करतो. पण वेगळं दिसायचं म्हणून सेल देऊ नका, पहिल्या तीन प्रश्नांत उघडं पडतं. होल्ड द्यायला पण हिंमत लागते, तिथे लोक "मग आम्ही वाचलं कशाला?" असं बघतात.

मेंटॉर सगळं करून देतो का?

इंडस्ट्री मेंटॉरला जास्तीत जास्त सहा तास, फॅकल्टी अॅडव्हायजरला दहा. पूर्ण स्पर्धेत. त्यामुळे मेंटॉरला "सर बीटा कसा काढतात?" विचारून वीस मिनिटं घालवू नका, ते यूट्यूबवर आहे. त्यांच्याकडे तुमचा थीसिस घेऊन जा आणि म्हणा, फाडा. आमचे सहा तास तीन भेटींत संपले, पहिली भेट वर सांगितलेली चहावाली.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर?

काम तुमचं स्वतःचं पाहिजे ही स्पर्धेची मूळ अट आहे, त्या वर्षीच्या नियमात एआयबद्दल काय लिहिलंय ते बघा. नियमांपलीकडचं माझं मत: ज्या वाक्याचा कर्ता तुम्ही नाही त्या वाक्यावर प्रश्न आला की घाम फुटतो. ब्रोकरेजच्या रिपोर्टमधून उचललेल्या वाक्यांचंही तेच, आणि हो, त्या रिपोर्टचा लेखक समोर जज म्हणून बसलेला असू शकतो. मुंबईचं फायनान्सचं जग गिरगाव चौपाटीएवढंच आहे.

रिपोर्ट मस्त झाला, टेलिग्रामवर टाकू का?

नको. लोकांना शेअर घ्या-विका सांगणारे रिपोर्ट वाटायला सेबीकडे रिसर्च अॅनालिस्ट म्हणून नोंदणी लागते, २०१४ चे नियम आहेत. कॉलेजचं काम कॉलेजात राहू दे. इंटरव्ह्यूला घेऊन जा.

प्रेझेंटेशनमध्ये काय होतं?

दहा मिनिटं बोलायचं, दहा मिनिटं प्रश्न. बोलायची दहा मिनिटं पन्नास वेळा पाठ केलेली असतात त्यामुळे ती सगळ्यांचीच बरी जातात. वाट लागते ती पुढच्या दहात.

आमच्या वेळी एक जज होते, पहिली पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, आमचा अपेंडिक्स चाळत होते. मग शांतपणे विचारलं, "तुमच्या ऑपरेटिंग नफ्यात अदर इन्कम आहे का?" मॉडेलवाला म्हणाला नाही. ते म्हणाले, पान अमुक, ओळ अमुक. मॉडेलवाल्याने बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा. दोन-तीन सेकंद कोणी बोललं नाही, ती सेकंदं मला अजून मोजता येतात. तेव्हा सांगलीवालीने माइक घेतला आणि म्हणाली, बरोबर आहे सर, दोनदा मोजलंय, काढलं तर टार्गेट सुमारे सात टक्क्यांनी खाली येईल, तरी बाय राहतो कारण आमचा मुद्दा डीलरच्या साठ्याचा आहे, रोकडीचा नाही. आणि तिने गोडाऊनची गोष्ट तीन वाक्यांत सांगितली. सात टक्के तिने तिथल्या तिथे डोक्यात काढले होते, नंतर लॅपटॉपवर बघितलं तर साडेसहा निघाले.

आम्ही जिंकलो नाही, दुसरे आलो. पण जेवताना ते जज आमच्या टेबलाशी येऊन बसले आणि अर्धा तास फक्त पाइपच्या डीलरबद्दल विचारत होते.

तर सल्ला: चूक दाखवली की वकिली करू नका. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. पाचही जणांना प्रश्नोत्तरात बोलू द्या, टीम म्हणून किती जण भाग घेतायत त्यालाही मार्क असतात. आणि सरावाला अशा माणसाला बसवा ज्याला फायनान्स कळत नाही. माझ्या आईसमोर केलं होतं, तिने विचारलं "मग भाव वाढला की हे लोक आधीच माल का नाही घेऊन ठेवत?" आणि आम्ही वर्किंग कॅपिटलची अख्खी स्लाइड बदलली.

माझं इंग्रजी कच्चं आहे, शाळा मराठी मीडियम. जमेल का?

रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन इंग्रजीत, हे खरंय. पण जज फाडफाड इंग्रजीला मार्क देत नाहीत, स्पष्ट बोलण्याला देतात. छोटी वाक्यं. मी स्वतः आधी सगळं मराठीत समजावून बघायचो, जे मराठीत सांगता येत नव्हतं ते मला समजलेलंच नव्हतं, जास्त करून डिफर्ड टॅक्स. आमच्या टीमच्या सगळ्या भांडणांची भाषा मराठीच होती.

किती वेळ जातो? प्लेसमेंटच्या मध्ये येतं ना?

येतं. साधारण सप्टेंबर ते जानेवारी-फेब्रुवारी, आणि रिपोर्ट जमा करायच्या आधीचे तीन आठवडे दुसरं काही होत नाही. दिवाळीचा फराळ लॅपटॉपवर सांडलेला असतो. घरी आधीच सांगून ठेवा.

नोकरी मिळते का ह्याने?

थेट कोणी नोकरी देत नाही. पण इंटरव्ह्यूत "एखाद्या कंपनीबद्दल सांगा" म्हटलं की बाकीचे गुगलवरचं सांगतात आणि तुम्ही अर्धा तास थांबत नाही. माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत मला शेवटी थांबवावं लागलं.

फायनलला जाताना काय न्यायचं?

स्लाइड्स पेन ड्राइव्हवर, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर, आणि स्वतःला मेल करून. पीडीएफ पण, कारण तिथल्या लॅपटॉपवर तुमचा फॉन्ट नसतो आणि रुपयाच्या चिन्हाच्या जागी चौकोन दिसतात. मॉडेलची प्रिंट, पान नंबर घालून, म्हणजे कोणी "पान अमुक, ओळ अमुक" म्हटलं की तुम्हालाही लगेच सापडेल. पुण्याहून निघत असाल तर आदल्या दिवशीच मुंबईत पोचा, घाटात ट्रॅफिक लागली हे कारण एकदा एका टीमने दिलं होतं आणि खरंही होतं, पण त्यांचा स्लॉट गेला तो गेलाच. आणि ब्लेझर एकमेकांना मॅच करायच्या नादाला लागू नका, आम्ही लागलो होतो, दोन तास कॅम्पात फिरलो, पाचही जणांचे निळे वेगवेगळे निघाले.